सरासरी एक मीटर

नको असलेल्या माणसाचा फोन आला की मी अहेरीला असतो. गेली दहा-अकरा वर्षं हे चाललं आहे. अहेरी लांब आहे, तिकडच्या जंगलातल्या रस्त्यावर रेंज धड नसते, आणि मोजणीच्या कामाला तिकडे गेलेला माणूस दोन-तीन दिवस परतत नाही, हे चंद्रपुरात कुणालाही पटतं. प्रत्यक्षात मी त्या वेळी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये ओट्यापाशी उभा राहून वांगी चिरत असतो. क्वार्टर बायकोला मिळालेलं आहे, नोकरी तिची आहे. माझं काम सुटं आहे. जमिनीची उंच-सखल मापं घ्यायची, शेततळी, बोड्या, तलाव, प्लॉट यांचे नकाशे करून द्यायचे. आधी एका खाजगी कंपनीत हेच करायचो. तिथे साहेब सांगेल तो आकडा लिहावा लागे, म्हणून सोडलं. स्वतःचं काम सुरू केल्यावर लक्षात आलं की तिथे साहेब एकच होता.

टाळायची माणसं मी फोनवरच्या पहिल्या दोन वाक्यांत ओळखतो. ‘घरचंच काम समजा’ म्हणणारा नको. ‘तुमचं लई नाव ऐकलं’ म्हणणाराही नको, कारण माझं कुठेच नाव नाही. पण यांच्याशी निदान भांडता येतं. खरा घाण माणूस म्हणजे मोजायच्या आधी उत्तर सांगणारा. तो तुमच्याकडे माप मागत नाही, तुमच्या हातचा कागद मागतो. त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे पेन.

असाच एक कंत्राटदार गेल्या उन्हाळ्यात माझ्या मागे लागला. चामोर्शीच्या अलीकडच्या एका गावातल्या तलावाचा गाळ काढायचं काम त्याच्याकडे होतं. पहिल्याच फोनवर म्हणाला, ‘एक मीटर भरते भाऊ सगळीकडं, तुमी फक्त येऊन पाहून जा.’ मी अहेरीला होतो. चार दिवसांनी पुन्हा फोन आला, तेव्हाही मी अहेरीलाच होतो. तिसरा फोन सकाळी साडेनऊला आला.

‘कुठी आहा भाऊ?’

‘अहेरीला.’

‘अजून तिथीच? मंग इथी तुमची गाडी कोन धुवून राह्यलं? साबन तं वला दिसते.’

मी खिडकीतून पाहिलं. तो फाटकाशी उभा होता, फोन कानाला लावलेला, आणि माझ्या अर्धवट धुतलेल्या मोटारसायकलच्या सीटवर बोटाने रेघ ओढत होता. साबण लावून मी पाण्याची बादली भरायला आत आलो होतो.

खोटं बोलताना पकडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तो आत आला, न विचारता दिवाणावर बसला आणि माझ्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर प्लास्टिकची पन्नी ठेवून खर्रा घोटायला लागला. सुपारी, चुना, तंबाखू, सगळं त्या पन्नीत घालून तळव्याने रगडायचं. आमच्या जिल्ह्यांत सहा माणसांतली चार हे करतात, मला त्याची सवय असायला हवी. अजून नाही. तोंडात भरून तो बोलत राहिला आणि बोलताना खालचा ओठ पुढे काढून तोंडातलं तोलून धरत होता. मधेच त्याने माझी मापाची वही ओढली, अंगठा ओला करून पानं उलटली. चार पानांच्या कोपऱ्यांवर तपकिरी ठसे उमटले. मी ती वही हातात घेतली तेव्हा पान गार लागलं.

‘एवढं करून द्या, बाकी मी पाहून घेतो,’ तो म्हणाला.

मी हो म्हटलं. त्याला घराबाहेर काढायचा तेवढाच मार्ग दिसत होता.

काम काय होतं ते सांगतो. तलावाच्या तीन हेक्टर भागातला गाळ एक मीटर खोल काढायचा होता. तीन हेक्टर आणि एक मीटर, म्हणजे तीस हजार घनमीटर. किती खोदलं हे नंतर कळावं म्हणून खोदताना मधे मधे मातीचे खांब तसेच ठेवायची पद्धत आहे. खांबाचा माथा म्हणजे जुनी जमीन, पायथा म्हणजे नवी. खांबाची उंची मोजली की खोली कळते. सरकारी मोजणीला येणारा माणूस खांब मोजतो, मधली जमीन सहसा बघत नाही. त्याच्या आधी खाजगी मोजणीचा कागद तयार असला की त्याला उन्हातही फार फिरावं लागत नाही. हा कंत्राटदार मला त्या कागदासाठी नेत होता.

मी गेलो तेव्हा तलाव कोरडा होता, पाणी सोडायच्या गेटापाशी एक डबकं तेवढं होतं. पट्टी धरायला माणूस देतो म्हणाला होता, तो आला नाही. कंत्राटदार पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गाडीत एसी लावून बसला. मी यंत्र मांडलं आणि विचार करत उभा राहिलो, कारण आकड्यांची ती उंच पट्टी एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याला काही दिसत नाही.

पाळीवर सिंदीच्या झाडाखाली एक म्हातारी जाळं दुरुस्त करत होती. गावातल्या मच्छीमार सोसायटीतली. डबक्यातून धरलेल्या बारीक माशांची टोपली शेजारी होती.

‘हे धराचं हाये का?’ तिने विचारलं. ‘द्या इकडं. मासोळीपेक्षा तं गपच राहीन हे.’

दोन दिवस तिने पट्टी धरली. सरळ धरायची, हलवायची नाही, हे एकदाच सांगावं लागलं. प्रत्येक माप झाल्यावर ती विचारायची, ‘किती भरलं?’ मी आकडा सांगायचो. ती तो पायाखालच्या जागेकडे बघत ऐकायची. मला वाटलं करमणूक म्हणून विचारते आहे. दुपारी भाकर खाताना तिने सांगितलं.

‘भाऊ, गडी लोकं होडग्यातून जाळं टाकतात. आमी बाया चालत जातो पान्यात. कमरेपावतर, छातीपावतर. गढूळ पानी, दिसत काई नाई. मंग पायानंच पाहावं लागते. हा तलाव माह्या पायाले पाठ होता. आता मशीननं समदा उलटा केला. तुमी कागद काढान तं एक आमाले द्याल का? कुठी खोल हाये तेवढं सांगा. सून नवी हाये माही, नदीकाठची. तिले हा तलाव माहीतच नाई, अन् सगळ्यात पुढं तेच चालते.’

‘पोहता येतं ना तिला?’

‘लुगडं नेसून कोन पोहते बा?’

देतो म्हटलं. तिने माझा नंबर जाळ्याच्या पिशवीवर खडूने लिहून घेतला.

तेवढ्यात कंत्राटदार गाडीतून उतरून आला आणि तिच्या टोपलीत हात घालून मासे उलटेपालटे करू लागला. ‘दोन किलो टाक वं बाई गाडीत,’ म्हणाला. तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. ‘हे सोसायटीचे होय. माहे नाई.’ तो हसला, बोटं गाडीच्या सीटला पुसली, आणि चघळून झालेला खर्रा पन्नीसकट डबक्यात टाकला.

संध्याकाळी मी एका खांबाच्या माथ्यावर सळई टोचली. पस्तीस सेंटिमीटर ती लोण्यात जावी तशी गेली आणि मग अडकली. दुसऱ्या खांबावरही तेच. तिसऱ्यावर हाताने गवत उचललं तर ते चटईसारखं निघून आलं. कुठून तरी कापून आणलेली हरळी वर नीट बसवलेली होती. खाली भुसभुशीत ढेकळं, आणि त्याखाली जुन्या तळाचा कडक थर, त्यात शंख-शिंपल्यांचा चुरा. म्हणजे खरं खोदलेलं पासष्ट सेंटिमीटर, आणि वर पस्तीस सेंटिमीटर खांब चढवलेला. मिळून बरोबर एक मीटर. फार मेहनतीने केलेलं काम होतं. सुमारे पावणेतीन हेक्टरांवरच्या कितीतरी खांबांवर माणसं बसवून हे करून घेतलं होतं.

गेटाच्या बाजूच्या कोपऱ्यात मात्र एकही खांब नव्हता. तिथे साठ मीटर लांब, पन्नास मीटर रुंद खड्डा होता, जुन्या तळापासून चार मीटर वीस सेंटिमीटर खोल, भिंती विहिरीसारख्या उभ्या. गाळाखाली तिथे चांगला मुरूम लागला होता. मुरूम रस्त्याच्या कामाला जातो, गाळाला कोण विचारतं. म्हातारी काठाशी पट्टी धरून उभी होती. मी तिला दोन पावलं मागे यायला सांगितलं.

घरी येऊन मी बेरीज केली. खड्डा बारा हजार सहाशे घनमीटर. उरलेला भाग सतरा हजार पाचशे पन्नास. एकूण तीस हजार एकशे पन्नास. मी तीनदा केली. चोरी निघाली असती तर मला सोपं गेलं असतं. माणूस ठरल्यापेक्षा दीडशे घनमीटर जास्त खोदून बसला होता.

त्याला फोन करून सांगितलं की असं असं आहे. तो खूश झाला.

‘पाहा, मी म्हनलं नव्हतं? तुमी हिशेबाचे मानूस आहा. तीस हजार काढाचे होते, वर दीडशे काढले. सरकारचं एक घमेलं खाल्लं नाई. आता कुठून काढले यानं कोनाचं काय जाते? सरासरी एक मीटर लिवा ना. खोटं हाये का ते?’

खोटं नव्हतं. त्याचीच मला शिसारी आली. आयुष्यभर मी आकड्यावर विश्वास ठेवून जगलो आहे. दुधाच्या हिशेबापासून गॅस किती दिवस पुरला इथपर्यंत सगळं लिहून ठेवतो, आणि माझी समजूत अशी की आकडा बरोबर असला की माणूस बरोबर असतो. हा माणूस माझाच बरोबर आकडा घेऊन त्याने विहिरीवर पांघरूण घालत होता.

‘खड्ड्याचा काठ उतरता करून द्या,’ मी म्हटलं. ‘एक पोकलेन, एक दिवस. मग जसा आहे तसा नकाशा काढून देतो.’

‘मशीन सिरोंच्याकडं गेली. आता कुठी आनाची?’

‘बायका चालतात तिथून.’

‘भाऊ, मासे धरनाऱ्या बाया त्या. पान्यातच जल्मल्या.’ आणि मग, आवाजात अगदी माया आणून, ‘तुमी टेन्शन कायले घेऊन राह्यले? गरमीचं काम, डोकं तापलं असन. दोन दिवस अहेरीले जाऊन या.’

तो मोठ्याने हसला. तोंडात भरलेलं असल्यामुळे ते हसणं ओलं ऐकू आलं. मी फोन तसाच कानापासून लांब धरला.

तुमचं काम करणार नाही, एवढं बोलून मी फोन तोडला. नंबर अडवून टाकला. वहीतली डाग पडलेली पानं कापून काढली, मापं नव्या पानांवर उतरवून घेतली. दोन दिवसांच्या कामाचे पैसे मागायचे नाहीत असं ठरवलं आणि ते ठरवून फार बरं वाटलं. संध्याकाळी बायको कामावरून आल्यावर सगळं सांगितलं.

‘सुटले म्हना की,’ ती म्हणाली.

‘सुटलो.’

‘मंग तिथचं काम कोन करन आता?’

‘करेल कोणीतरी. त्याचं त्याला.’

 ती कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली.

आठ दिवस मी स्वच्छ माणूस म्हणून वावरलो. एका ओळखीच्याला तर चहा पिताना उपदेशही केला, की आपल्या धंद्यात कामं मिळवण्यापेक्षा कामं सोडता आली पाहिजेत. तो मान हलवत होता. आज त्या आठ दिवसांची मला त्या माणसाच्या खर्ऱ्यापेक्षा जास्त किळस येते. त्याने निदान लपवायला मेहनत घेतली होती, ढेकळं चढवली, हरळी आणली. मी खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली तिन्ही सेंटिमीटरपर्यंत लिहून घेतली होती आणि ती वही कपाटात ठेवून वरणभात जेवत होतो.

नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी सवयीने अहेरी म्हणायला तोंड उघडलं होतं.

‘भाऊ, मी तलावावरची बाई. तो पट्टीवाला कागद कवा येते?’

मी सांगितलं की ते काम मी सोडलं. तो माणूस बरोबर नव्हता, त्याला माझ्याकडून खोटं लिहून हवं होतं, म्हणून मी बाजूला झालो. अगदी नीट समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

‘दुसरा आला होता परवा,’ ती म्हणाली. ‘गाडीतून उतरलाबी नाई. कागद झाला म्हनतात.’ मग थोडं थांबून, ‘तुमी तं सोडलं भाऊ. आमी कुठी सोडावं?’

ती रागावलेली नव्हती. खरोखर विचारत असावी तसं विचारलं.  उद्या येतो, एवढं म्हटलं.

रात्रीपर्यंत बसून नकाशा काढला. खड्डा लाल रेघेने दाखवला, चारही काठांवर खोली लिहिली, आणि सरासरीची ओळ घातलीच नाही. एक प्रत ग्रामपंचायतीत दिली, तिची पोच घेतली. तिथल्या माणसाने कागद फायलीत लावला आणि फाईल बंद केली, त्यावरून पुढे काय होईल याचा अंदाज आला. दुसरी प्रत सोसायटीच्या खोलीत भिंतीला चिकटवली. या कागदाबद्दल कंत्राटदाराला कळायला दोन दिवस लागले. मला त्याचा फोन लागणार नव्हता, त्याने इतरांना केला. आता चंद्रपुरातले दोन-तीन कंत्राटदार माझ्याविषयी सांगतात की त्या माणसाला काम देऊ नका, लई कटकट्या हाये. असे दोन-तीन आपण होऊन टळले. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण त्यांच्या तोंडी माझा विषय असतो ही कल्पनाच नकोशी वाटते.

नकाशा भिंतीला लावला तेव्हा म्हातारीने तो डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाली, ‘हे आमच्या काय कामाचं? किती खोल हाये ते सांगा.’

‘नव्या तळापासून साडेतीन मीटर. पाच सेंटिमीटर वर.’

‘मीटर नाई समजत.’

मी तिच्याकडे पाहिलं. पाच फुटांची बाई. मनात भागाकार केला. ‘दोन बाया एकीवर एक उभ्या, आणि वर एक हात.’

 मग तिने बाहेर जाऊन सोसायटीच्या गड्यांना बांबू तोडायला पाठवलं.

आम्ही खड्ड्याच्या चारही बाजूंनी दर दहा मीटरवर एक, असे बावीस बांबू ठोकले. गडी घाम पुसत म्हणाले, आता काम पक्कं झालं. मलाही तसंच वाटलं. म्हातारीला नाही. ‘म्हशी अंग घासतात,’ ती म्हणाली. ‘अन् थंडी आली की कोनी ना कोनी चुलीत घालन. दिवाळीपावतर राह्यले तं राह्यले.’

तिने सुनेला बोलावलं. सून उंच होती, विशीतली, पदर कमरेला खोचलेला. बायका पाण्यात उतरतात ती जागा सिंदीच्या झाडाखाली. म्हातारीने तिला तिथून खड्ड्याच्या काठापर्यंत अनवाणी चालायला लावलं, मोठ्याने मोजत. मी आधीच चालून बघितलं होतं, माझी अडुसष्ट पावलं भरली होती, आणि तो आकडा नकाशाखाली लिहिलाही होता. सुनेची एकाहत्तर भरली.

‘अडुसष्ट,’ मी म्हटलं. ‘तीन जास्त मोजली तिने.’

‘तुमचे अडुसष्ट तुमच्यापाशी ठेवा भाऊ,’ म्हातारी म्हणाली. ‘पान्यात तुमी चालनार हाये का?’

सून हसली. मी नकाशावरचा आकडा खोडायला पेन काढलं, तर म्हातारीने हात आडवा केला. एकाहत्तरही लिहू नका म्हणाली. कोरड्यात पाऊल लांब पडतं, छातीभर पाण्यात तेवढं पडत नाही. तिने सुनेला परत झाडाशी पाठवलं आणि स्वतः पुढे होऊन दाखवलं. गुडघे थोडे वाकवलेले, पाय घासत पुढे सरकवायचा, आधी अंगठ्याने जमीन चाचपायची, मग टाच टेकवायची, दोन्ही हात पाण्यावर ठेवल्यासारखे बाजूला पसरलेले. कोरड्या तळावर ते दृश्य विचित्र दिसत होतं. तीस वर्षं मोजमाप करून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सून तशी चालत गेली. पंच्याऐंशी पावलं झाली आणि बांबू आला. म्हातारीने तिला पुन्हा पाठवलं. ऊन चढलं होतं, तळाची माती पायाला भाजत असणार. दुसऱ्या वेळी सत्त्याऐंशी आली. ‘घाई केली,’ म्हातारी म्हणाली, ‘नंतर पाय आखडला. पुन्हा.’ तिसऱ्या वेळी पंच्याऐंशी. चौथ्या वेळी डोळे मिटून चालायला लावलं. गडी, बाकीच्या बायका, मी, सगळे बघत उभे होतो आणि सून एकेक आकडा मोठ्याने म्हणत येत होती. ब्याऐंशीला म्हातारी काठाकडे जाऊन उभी राहिली. पंच्याऐंशीला सून थांबली, डोळे न उघडता उजवा अंगठा पुढे सरकवला, आणि तो काठावरून खाली रिकामा लोंबला.